कुणालाच नको असलेली भाववाढ

मेट्रोच्या उद्घाटनाला फुकट सॉसेज होती, आणि फुकट सॉसेज असली की कोपनहेगनची माणसं कुठल्याही गोष्टीला प्रगती म्हणायला तयार होतात. मीही रांगेत उभी होते. खोटं कशाला बोलू, दोन खाल्ली. कितीतरी वर्षं आमच्या चौकात हिरव्या फळ्यांचं उंच कुंपण होतं, त्याच्या आत दिवसभर ठोकाठोकी चालायची आणि आमच्या कपाटातले ग्लास एकमेकांना लागून किणकिणायचे. एवढ्या त्रासाच्या बदल्यात दोन सॉसेज मिळत असतील तर सोडायची कशाला?

माझं नाव विबेके. मी आणि माझा नवरा एगॉन शहराच्या दक्षिणेला, जुन्या बंदराच्या मागे, सिडहाव्हनमध्ये राहतो. आमचं लग्न झालं तेव्हापासून तिथंच. पूर्वी कुणाला पत्ता सांगितला की समोरचा ‘अच्छा’ म्हणून हवापाण्यावर बोलायला लागायचा. मेट्रो सुरू झाली आणि आम्ही एकदम ‘अस्सल’ झालो. वर्तमानपत्रात तसं छापूनच आलं. एगॉन ज्या बिअरच्या अड्ड्यावर आयुष्यभर पत्ते कुटत बसला, तिथं आता नैसर्गिक वाइन विकतात. मी एकदा चाखून बघितली. तिला गोठ्याचा वास येतो. तसं म्हटल्यावर वाढणारी मुलगी म्हणाली, तो वास मुद्दाम ठेवलाय. 

आमची बस मात्र बंद झाली. मेट्रो आल्यावर बस कशाला? तळमजल्यावरच्या लिसीची ऐंशी कधीच उलटली आहे. पूर्वी तिला दारातून निघून चार पावलांवर बस मिळायची. आता तिला चौक ओलांडून, लिफ्टनं पाताळात उतरून, मग पुढं जावं लागतं. मेट्रोनं सगळं शहर जवळ आणलं असं म्हणतात. लिसीपासून मेट्रोच तेवढी लांब राहिली.

आणि दलाल. दलालांची पत्रकं रोज दारात येऊन पडायला लागली. ‘मेट्रोपासून दोन मिनिटं.’ कुणाचंही घर असो, मेट्रोपासून दोनच मिनिटं. मला पायऱ्या उतरायलाच त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आमच्यावर या सगळ्याचा परिणाम व्हायचं खरं तर काही कारण नव्हतं. आमची इमारत लाल विटांची, चोवीस घरांची सहकारी सोसायटी आहे. घर कुणा एकाचं नाही, सगळ्यांचं मिळून आहे. तुम्ही हिस्सा घ्यायचा, राहायचं, आणि जाताना तो सोसायटीनं ठरवलेल्या भावात विकायचा. त्याच्यावर एक क्रोन मागायची सोय नाही. भाव ठरतो दर वसंतातल्या सर्वसाधारण सभेत, मतदानानं. आणि आम्ही तो वर्षानुवर्षं खाली धरून ठेवला होता, कारण पोस्टातल्या, शाळेतल्या, इस्पितळातल्या माणसांनाही शहरात राहता यावं अशी आमची भूमिका होती. भूमिका घ्यायला आमच्याकडच्या लोकांना फार आवडतं. त्यासोबत कॉफी असली तर जास्तच.

घर रिकामं झालं की ते आधी सोसायटीतल्यांच्या मुलांना विचारायचं असा नियम. आणि त्या मुलांच्या यादीत पहिलं नाव माझ्या मुलीचं, रिक्केचं होतं.

रिक्के आमच्या घराच्या मागच्या रस्त्यावर असलेल्या वृद्धाश्रमात काम करते. म्हणजे करायची. म्हाताऱ्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, कपडे चढवायचे, कोण कुणावर रुसलंय ते लक्षात ठेवायचं. आणि हे करायला ती पहाटे रिंगस्टेडहून निघायची, कारण आमच्या भागात भाड्याचं घर तिच्या पगारात बसत नव्हतं. आमच्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला माणूस दुसऱ्या गावाहून येतो, आणि आमच्या भागात राहायला येणारी माणसं सकाळी मेट्रोनं दुसरीकडे जातात. याला नगररचना म्हणतात. तिचं शिक्षण पाच वर्षांचं असतं.

रिंगस्टेडचं तिचं घरही मुदतीचं होतं. मालक परदेशी होता, तो ऑगस्टमध्ये परत येणार होता. त्याच्या आत तिला दुसरं घर हवं होतं. आणि अगदी वेळेवर आमच्या वरच्या मजल्यावरच्या पॉल-एरिकनं ठरवलं की आता बहिणीकडे यूटलंडला जाऊन राहायचं. पॉल-एरिक म्हणजे एगॉनचा जुना दोस्त, इलेक्ट्रिशियन होता. जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला,

“रिक्केला सांग, रविवारी येऊन पडद्यांची मापं घेऊन जा.”

“आणि पैसे?”

“सोसायटीचा भाव असेल तो. मला काय, पैसा बरोबर न्यायचाय का वर?”

रिक्के आली, मापं घेतली. बँकेनं जुन्या भावावर कर्ज द्यायचं कबूल केलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली बघून ती म्हणाली, “आई, इथून मला कामाला जायला चप्पल घालायचीसुद्धा गरज नाही.” मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी दलालाचं पत्रक न फाडता नुसतंच कचऱ्यात टाकलं.

मग कपडे धुवायच्या खोलीच्या दारावर सभेची नोटीस लागली. विषय क्रमांक सहा: मूल्यांकनकाराच्या अहवालानुसार भाववाढीचा विचार.

आमचा चेअरमन फ्लेमिंग भूगोलाचा मास्तर होता. निवृत्त झाला तरी तो प्रत्येक वाक्य नकाशासमोर उभा असल्यासारखा बोलतो. मी त्याला सायकलींच्या शेडपाशी गाठलं. आमच्याकडे राजा सोडला तर सगळ्यांनाच अरे-तुरे करतात, त्यामुळे भांडणाला वेळ लागत नाही.

“फ्लेमिंग, हे काय काढलंस?”

“मी काढलं नाही. काही सभासदांनी विचारणा केली.”

“कुठल्या सभासदांनी?”

“ते सांगणं बरं दिसणार नाही. मी स्वतः बाजूनंही नाही आणि विरुद्धही नाही, विबेके. मी चेअरमन आहे.”

त्याआधी मूल्यांकनकार येऊन गेला होता. जेमतेम तिशीचा पोरगा, हातात भिंतीवर लाल ठिपका टाकणारं मोजायचं यंत्र. आमच्या घरात आला तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघर दाखवायला नेलं. गळका नळ, एगॉननं चिकटवलेल्या फरशा, सगळं दाखवलं, भाव उतरावा म्हणून. त्यानं तिकडे बघितलंसुद्धा नाही. तो बैठकीच्या खोलीच्या खिडकीशी गेला, मेट्रोचा फलक दिसतो का ते बघितलं, आणि खूश होऊन निघून गेला. त्याच्या अहवालात भाव तिप्पट आला. नळ आमचा गळतो तसाच गळतोय.

मी हातावर हात धरून बसणारी बाई नाही. मी क्रिंगल भाजली, म्हणजे आमच्याकडचा लोण्याचा गोड पाव, वर बदाम लावून, आणि घरोघर निघाले. तेवीस घरं. आमच्या इमारतीत इतकी समाजवादी माणसं राहतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

लिसी म्हणाली, “तिप्पट? मला काय करायचेत गं एवढे पैसे? मला आता चर्चच्या मागच्या अंगणात जायचंय, तिथला भाव ठरलेला आहे.”

चौथ्या मजल्यावरचा आस्गर दोन वर्षांपूर्वी आलेला. दाढी, पुढं लाकडी पेटी लावलेली सायकल, आणि कंपन्यांना त्यांच्या गोष्टी सांगून देण्याचा काहीतरी धंदा. त्यानं छातीवर हात ठेवला. “विबेके, आम्ही इथं आलो तेच या एकोप्यासाठी. हा एकोपा विकला तर आपल्याकडे उरलं काय?” आणि क्रिंगलचा दुसरा तुकडा घेतला.

पॉल-एरिक तर चिडलाच. “अगं, मला काय विचारतेस? मी रिक्केला शब्द दिलाय.”

असं एकेक दार. कुणी म्हणालं हा हावरटपणा आहे, कुणी म्हणालं आपल्या मुलांचं काय, कुणी तर मलाच धीर दिला. पुढच्या रविवारी अंगणातल्या कामाचा दिवस होता. दर वसंतात आम्ही सगळे मिळून झाडलोट करतो, शेड रंगवतो आणि मग बिअर पितो. ब्रश हातात धरून प्रत्येकजण भाववाढीवर तुटून पडत होता. शेडचा रंग जरा ओघळला, पण मतं एकदम पक्की होती. एगॉन एकटा गप्प होता. तो रंगवताना नेहमीच गप्प असतो.

“बघितलंस?” मी त्याला घरी आल्यावर म्हटलं. “चोवीसच्या चोवीस.”

“हं,” एगॉन म्हणाला आणि टर्पेंटाइननं नखं पुसत बसला.

सभा तळघरातल्या सामाईक खोलीत होती. काळ्या पावावर लिव्हरचा लगदा आणि काकडी, बिअरच्या पेट्या, कॉफीचे थर्मास. सुरुवातीला एक गाणं म्हणतो आम्ही, बसल्या जागी, पुस्तकात बघून. त्यात वसंत येतो आणि सगळे एकमेकांचे असतात. मग इमारतीच्या छपराचा विषय झाला, कुत्र्यांचा झाला, आणि आला सहा नंबर.

काय भाषणं झाली म्हणून सांगू. आस्गरनं घर म्हणजे काय हे सांगितलं. पॉल-एरिकनं त्याच्या तरुणपणीचा भाडेकऱ्यांचा संप सांगितला, त्यात या खेपेला त्याला पोलिसांचा दंडुकाही बसला होता. लिसीसुद्धा उठली आणि म्हणाली की तिच्या नवऱ्याला हे आवडलं नसतं. बाजूनं बोलायला एकही माणूस उभा राहिला नाही. फ्लेमिंगनं चष्मा पुसला.

“मग हात वर करून घेऊया? भाववाढीच्या बाजूनं कोण, हात वर.”

त्या क्षणी मी गप्प बसले असते, तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. एकाचाही हात वर गेला नसता. तिथं बसून, दुसऱ्याच्या तोंडावर, मला जास्त पैसे हवेत असं हात वर करून सांगणारा माणूस आमच्या देशात अजून जन्मायचाय.

पण माझं लक्ष लिसीकडे गेलं. ती हात मांडीत घट्ट धरून फ्लेमिंगकडे बघत होती. फ्लेमिंग तिचे बल्ब बदलतो, बस बंद झाल्यापासून तिचं सामानही तोच मेट्रोपासून उचलून आणतो. मला वाटलं, बिचारी. विषय फ्लेमिंगनं मांडलाय, त्याच्यासमोर त्याच्याविरुद्ध कशी जाणार ती? आमच्या लोकांची ही जुनी खोड. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आम्ही स्वतःच्या पायावर हवा तेवढा मोठा धोंडा पाडून घेतो. मी उभी राहिले.

“लेखी मतदान घ्या.”

नियम असा आहे की एकानंही मागितलं तर द्यावंच लागतं. फ्लेमिंग माझ्याकडे बघत राहिला.

“विबेके, गरज आहे का? सगळ्यांचं एकमत दिसतंय. हात वर करून लगेच संपेल.”

“लोकशाहीला कसली घाई? प्रत्येकाला मोकळेपणानं लिहू दे की.”

“मी एकदा विचार कर म्हणतो.”

“केलाय,” मी म्हटलं. वर तोऱ्यात म्हटलं.

खोलीत शांतता पसरली. चांगली, ऊबदार शांतता होती ती, थंडीतून घरात आल्यावर वाटतं तसं सगळ्यांना वाटत असावं. ती शांतता मला तेव्हाच कळायला हवी होती. पण मी मनात म्हणत होते, बघ, सगळ्यांच्या जिवावरचं ओझं उतरलं. आणि उतरलंच होतं.

मतमोजणीला दोन माणसं लागतात. मागितलंस ना, मग तूच मोज, असं ठरलं, आणि माझ्या जोडीला आस्गर. घरटी एक मत. मी पेटी म्हणून बिस्किटांचा डबा रिकामा करत होते, म्हणून आमच्या घराची चिठ्ठी एगॉनच्या हातात दिली. “लिही तू,” म्हटलं. त्यानं चिठ्ठी घेतली, खिशातलं पेन काढलं आणि हाताचा आडोसा करून लिहिलं. सगळेच आडोसा करून लिहीत होते. चोवीस घरांतली कर्ती माणसं, शाळेत नक्कल होऊ नये म्हणून मुलं बसतात तशी.

डबा उघडला. मी चिठ्ठी उलगडायची, मोठ्यानं वाचायची, आस्गर फळ्यावर रेघ मारणार.

“हवी,” मी वाचलं. खोलीत कुणीतरी चुकचुकलं.

“हवी.” पुन्हा कुणीतरी मान हलवली.

“हवी. हवी. हवी.”

आस्गरला रेघा मारायला जागा कमी पडायला लागली. मी वाचत होते, माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटत होता. मधेच एक ‘नको’ आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, पण भांडं फुटकं होतं. एकवीस हवी, तीन नको.

 पॉल-एरिक म्हणाला, “काय लोक असतात बघ,” आणि आजूबाजूला बघितलं. सगळ्यांनीच आजूबाजूला बघितलं. ही एकवीस माणसं कुठून आत घुसली हे कुणाला कळेना. लिसी म्हणाली तिच्या नवऱ्याला हे आवडलं नसतं. फ्लेमिंगचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं कागद गोळा केले आणि सभा संपल्याचं सांगितलं. बिअर शिल्लक होती, ती त्या दिवशी सगळी संपली.

बँकेनं रिक्केला दोन दिवसांत कळवलं. पत्र इतकं सभ्य होतं की ते नकाराचं आहे हे समजायला ते दोनदा वाचावं लागलं.

मी पॉल-एरिककडे गेले. सोसायटी ठरवते तो वरचा भाव. त्याच्या खाली द्यायला कायद्यानं कुणी अडवत नाही. हे त्यालाही माहीत होतं. त्यानं मला बसवलं, कॉफी केली, स्वतःच्या कपात साखर ढवळत राहिला. तो साखर घेत नाही.

“माझ्या मनात असतं तर आजच दिलं असतं,” तो म्हणाला.

“मग दे की.”

“पण आता हा सोसायटीचा निर्णय आहे. मी कमी भावात दिलं तर सगळ्यांच्या निर्णयाचा अपमान होईल, नाही का? आणि बहिणीच्या घराचं छप्पर गळतंय.”

“तू शब्द दिला होतास.”

“दिला होता,” तो म्हणाला. “सोसायटीच्या भावात.” हे बोलताना त्याला लाज वाटत होती, हे मी मान्य करते. पण लाज वाटून घेण्याखेरीज त्यानं दुसरं काही केलं नाही.

आता सांत्वनाचा हंगाम सुरू झाला. लोक केक घेऊन येऊ लागले. माझ्याच क्रिंगलच्या ताटल्या परत करायच्या निमित्तानं यायचे, दार लोटून घ्यायचे आणि आवाज खाली आणून म्हणायचे, “कुणाला सांगू नकोस, पण त्या तिघांतली एक मी.” लिसी म्हणाली. आस्गर म्हणाला, वर माझा हात हातात घेऊन. पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, गच्चीखालचे म्हणाले. ‘नको’ म्हणणारे तिघं. त्यातली एक मी स्वतः, म्हणजे उरले दोन. त्या दोघांत अकरा माणसं राहत होती. आमच्या भागात जागेची टंचाई किती आहे ते यावरून कळतं.

सगळ्यात शेवटी फ्लेमिंग आला. त्याच्या हातात केक नव्हता. दारातच उभा राहून म्हणाला, “मी ‘नको’ लिहिलं होतं. तुला माहीत असावं, एवढंच.”

“बारावा तू,” मी म्हटलं. “तिथं आता उभं राहायलाही जागा नाही.” आणि दार लावून घेतलं. त्याच्या तोंडावर.

उन्हाळ्यात जिन्यातून नवीन स्वयंपाकघरं वर जायला लागली. हिश्श्याची किंमत तिप्पट झाली की त्यावर कर्ज मिळतं, हे आमच्या एकोप्याला फार लवकर समजलं. आस्गरनं दगडी ओटा बसवला, सहा जणांनी उचलून वर नेला. पॉल-एरिकच्या घरात एक तरुण जोडपं आलं. माणसं चांगली आहेत, हाच तर त्रास आहे. धड शिव्याही घालता येत नाहीत. एकदा ती मुलगी मला जिन्यात म्हणाली, “तुमच्या मागच्या वृद्धाश्रमात माझ्या आजीला जागा मिळेना. म्हणतात की खोल्या आहेत, पण काम करायला माणसं नाहीत. असं कसं गं?”

“काय सांगू,” मी म्हटलं. “मेट्रोपासून तर दोनच मिनिटं आहे.”

रिक्केला शेवटी नाकस्कोवला नोकरी लागली. तिथं घरं स्वस्त आहेत, कारण तिथं काहीच येणार नाही, मेट्रो तर नाहीच. तिथून आमच्याकडे यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. नाताळला येईन, म्हणाली. वाढदिवसाचं बघू म्हणाली. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांनी तिला निरोप दिला तेव्हा त्यांतल्या एकीनं विचारलं, उद्या कुठल्या वेळेला येतेस? हे मला रिक्केनं हसत सांगितलं, आणि मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. मुलगी परदेशी गेली असती तरी एक वेळ समजून घेतलं असतं. ती माझ्या डोक्यावर राहायला येणार होती.

ऑगस्टमध्ये आम्ही एक मालवाहू गाडी भाड्यानं घेतली. एगॉन चालवत होता, मधे मी, कडेला रिक्के. मागं तिचं सगळं घर, आणि वर पॉल-एरिकच्या खिडक्यांच्या मापाचे पडदे, जे आता कुठल्याच खिडकीला बसणार नव्हते. शहर मागं पडलं, बीटची शेतं सुरू झाली. मी बोलत होते. मी सगळ्यांना नावं ठेवत होते, एकेकाला मजल्याप्रमाणे, तळमजल्यापासून. खोटारडे, तोंडावर एक आणि चिठ्ठीवर एक.

“विबेके,” एगॉन म्हणाला. “पुरे.”

“का पुरे? एकवीस लोक, एगॉन. आपल्या मुलीच्या घरावर एकवीस लोकांनी—”

“त्यातला एक मी आहे.”

गाडी तशीच चालत होती. मला आधी वाटलं, तोही तेच म्हणतोय, त्या तिघांतला एक मी. पण तो एकवीसबद्दल बोलत होता.

“मला वाटलं, बाकी सगळे ‘नको’च लिहिणार,” तो म्हणाला. रस्त्यावरून नजर न काढता. “तूच म्हणाली होतीस, चोवीसच्या चोवीस. म्हटलं, माझ्या एकट्याच्या चिठ्ठीनं काय होतंय. आयुष्यात एकदा ‘हवी’ लिहून बघावं. कुणी बघत नाहीये.” आणि पुढं म्हणाला, “लिहिताना बरं वाटलं गं. तेवढं एकदाच.”

माझ्या मनात तिथल्या तिथं आकडे फिरले. म्हणजे ते तीन ‘नको’ तिन्ही दुसऱ्यांचे होते. मी ज्यांना दारातून हाकललं, ज्यांच्या केककडे संशयानं बघितलं, त्यांतली तीन माणसं खरं बोलत होती. फ्लेमिंगनं मला हात वर करून घेऊ म्हणून दोनदा विनवलं होतं. ते आठवून मला गाडीतून उतरावंसं वाटलं.

मी एगॉनकडे बघितलं.  त्याचा चेहरा इतका म्हातारा मी कधी बघितला नव्हता. रिक्के खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं आता रडेल, किंवा बापाला टाकून बोलेल.  ती माझ्याकडे वळली. चिडून नाही, अगदी साधं, तिच्या म्हाताऱ्यांना ‘जेवलात का’ विचारते तसं विचारलं,

“आणि आई, चिठ्ठी तुझ्या हातात असती तर? कुणीच बघत नसताना?”

“नको,” मी म्हटलं. “मी ‘नकोच’ लिहिलं असतं.”

पटकन म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, सभेत म्हणतात तसं. रिक्केनं मान हलवली, आणि पुढच्या फाट्यावर डावीकडे घे म्हणून बापाला सांगितलं.